खाली कोण आणणार?

“समदं झ्याक हाय. पर खाली कोन आननार?”

“काय आणायचंय खाली?” ऊर्मिलेनं विचारलं.

“गू.”

म्हाताऱ्यानं हा शब्द असा उच्चारला, जसं कुणी जेवताना मीठ मागावं.

नागपूरहून आलेली ऊर्मिला खानझोडे दीड तास बोलत होती. तेरा हजार फुटांवर, गेनबाच्या दगडी खोपटासमोर, चार कोपऱ्यांवर चार धोंडे ठेवून तिनं नकाशा पसरला होता. गिर्यारोहकांसाठी निवारा. बारा माणसांचा. भिंती तिथल्याच दगडांच्या, सिमेंटचा कणही नाही. मध्ये मध्ये देवदाराच्या पट्ट्या, म्हणजे भूकंपात भिंत हलेल पण ढासळणार नाही. दुहेरी भिंतीच्या पोटात मेंढीची लोकर. दक्षिणेला काच. एकही तुकडा असा नाही, जो एका माणसाला पाठीवर घेऊन चढता येणार नाही. उद्या नको झालाच, तर अख्खा निवारा सुटा करून खाली नेता येईल.

या नकाशाला दिल्लीत पहिलं बक्षीस मिळालं होतं. परदेशातून दोन पत्रं आली होती. आणि हा म्हातारा विचारतो काय, तर गू!

बाई मुळातच नाकावर माशी बसू न देणारी. पण इथे राग गिळण्यावाचून इलाज नव्हता. नदीपलीकडच्या बिलौंज गावानं तिला स्पष्ट सांगितलं होतं… बाबा हो म्हणाले तर फळ्या उचलू. नाही म्हणाले तर खिळासुद्धा वर जाणार नाही.

हे बाबा म्हणजे गेनबा. मूळचा माणदेशातला गवंडी. सैन्याच्या रस्त्यांवर दगड फोडायला म्हणून पहाडात आला आणि परत गेलाच नाही. उन्हाळाभर वर राहायचा, दसऱ्यानंतर गावात उतरायचा. दगड कसा रचावा हे शिकायला त्याच्याकडे लांबून पोरं येत. त्यातली निम्मी आठवड्यात पळून जात. चाळीस वर्षं झाली, पण जिभेवरचा माणदेश काही गेला नव्हता.

“त्याची सोय केलीय बाबा,” ऊर्मिलेनं नकाशावर बोट ठेवलं. “हे बघा. संडासाखाली टाकी. वरून भुसा टाकायचा. आठ महिन्यांत खत होतं. पाणी नको, वास नाही.”

“कुठं होतं?”

“कुठे म्हणजे? सगळीकडे होतं. तपासून बघितलंय बनवणाऱ्यांनी.”

“हितं बगितलं?”

ऊर्मिला नकाशातल्या टाकीकडे पाहू लागली.

“ऊठ. चल माझ्यासंगं.”

तासभर चढून दोघं वरच्या खांद्यावर आली. खांदा म्हणजे डोंगराची सपाट पाठ, दोन अंगणांएवढी. तिच्या एका टोकाला चौकोनी दगडी जोतं होतं. नुसतं जोतं. वर काही नाही.

ते जोतं दिसलं आणि ऊर्मिलेचे पाय थबकले.

गेनबानं ते पाहिलं. जोत्याला वळसा घालून मागच्या उतारावर गेला, काठीनं गोठलेली वाळू उकरू लागला. थोड्या वेळानं त्यानं काठीच्या टोकावर एक प्लास्टिकची पिशवी वर काढली.

“हे बग.”

“शी!”

“शी न्हवं. इतिहास हाय ह्यो. हितं टीनाचा निवारा हुता. एकोनीस वर्सांमागं शहरातल्या मंडळींनी बांधला. तवाचा माल हाय. कुजला न्हाई, वाळला न्हाई, तसाच बसलाय. देशोदेशीचे पावने झोपल्यात हितं.”

ऊर्मिलेनं नाकाला रुमाल लावला.

“थंडीत किडा जगत न्हाई,” गेनबा म्हणाला. “किडा न्हाई तर खत कुटनं व्हनार? भुसा टाक, न्हाईतर केसर टाक.”

त्यानं पिशवी पुन्हा पुरली. वर दगड रचला. गवंडीच तो… तो दगडसुद्धा नीट बसवला.

ऊर्मिलेला हे ठाऊक असायला हवं होतं. तिनं वाऱ्याचा वेग मोजला होता, बर्फाचं वजन मोजलं होतं, काचेतून किती ऊब आत येईल याची कोष्टकं केली होती. संडास मात्र तिनं छापील माहितीवरून उचलून चिकटवला होता. बक्षीस देणाऱ्यांनीही त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. चित्रात ती एवढीशी खोली होती, दाराशी हिरवं पान काढलेलं.

तिचे कान तापले. पण हार मानेल ती ऊर्मिला कसली!

“ठीक आहे. टाकी काढते. बंद पिंप ठेवू. भरलं की खाली आणू.”

“कोन?”

“हेलिकॉप्टर.”

गेनबानं आभाळाकडे पाहिलं. समोरचं शिखर ढगात गेलं होतं. पायाखालची दरीही गेली होती.

“बरं, मग हमाल,” ऊर्मिला म्हणाली. “रोजावर माणूस ठेवू.”

“कोन मानूस?”

“कुणीतरी येईलच की.”

“नाव सांग.”

“अहो, आत्ता कसं सांगू? असेल कुणीतरी.”

“चाळीस वर्सं झाली मला हितं. कुनीतरी नावाचा मानूस अजून भेटला न्हाई.”

ऊर्मिला बुटाच्या टोकानं वाळू उकरू लागली.

“मी सांगू नाव?” गेनबा दगडावर टेकला. “बचनदास. ढोल वाजवनाऱ्यांचं घर हाय त्ये. बिलौंजमंदी एकच घर तसलं. गावानं शिवायचं न्हाई, आन् गावाची घान त्यांनी काडायची. ह्यो टीनाचा निवारा उभा राह्यला, तवा पिंप बचनदासाच्या डोक्यावर आलं. रोज मिळतोय की, म्हनली मंडळी. पिंप गळायचं. मानेवरनं, पाठीवरनं… मग त्यो आजारी पडला, तवा पिंप वरच राह्यलं. बर्फ वितळलं की समदं खाली. गावाच्या झऱ्यात. दोन पोरं गेली त्या साली.”

वारा सुटला होता. गेनबानं घोंगडी आवळली.

“माझा बाप बी तेच करायचा,” तो म्हणाला. “तालुक्याच्या गावी. डोक्यावर टोपली. मेला तवा सरळ निजवला त्याला, तर मान काही सरळ व्हईना. वाकडीच जाळली आमी.”

“म्हणून तुम्ही हा निवारा पाडलात.”

“व्हय.”

“एकट्यानं?”

“एकट्यानं. फळी न् फळी. गावात म्हनाले, बाबाला येड लागलं. लागलं तर लागलं! अकरा वर्सं झाली. एकदा बी वाईट वाटलं न्हाई.”

एकदाही वाईट वाटलं नाही…

ते वाक्य ऐकलं आणि ऊर्मिलेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतका वेळ तिनं स्वतःला बांधून ठेवलं होतं. आता ते जमेना.

“एकदाही नाही? तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरातही नाही?”

गेनबानं मान वर केली.

“माझा भाऊ होता तो. ओजस. चोवीस वर्षांचा होता. शिखरावरून उतरताना वादळात सापडला. त्याच्याकडे जुना नकाशा होता आणि त्या नकाशात इथे निवारा दाखवला होता. बरोबर या खांद्यावर! तो वाट चुकला नव्हता बाबा. बरोबर आला होता. अंधारात, बर्फात, हातांनी चाचपत आला असेल… आणि इथे काय होतं? हे जोतं! फक्त जोतं! त्यावर बसून मेला तो. भिंतींना टेकून बसतात ना, तसा. भिंती नव्हत्याच.”

तिचा आवाज फाटला. तिनं तो तसाच वापरला.

“तुमच्या बापाची मान वाकली, मला वाईट वाटतं. मनापासून वाटतं. पण माझा भाऊ तुमच्या रागापायी का मरावा? सांगा ना! तुम्ही घाण थांबवलीत, फार चांगलं केलंत. पण छप्परही नेलंत. आता मी छप्पर घेऊन आलेय, तर तुम्ही मला गू विचारता?”

गेनबा काठीनं जोत्यावरची वाळू बाजूला सारत राहिला.

“मला ठावं हाय त्यो तुजा भाव,” तो शेवटी म्हणाला. “तू आलीस त्याच दिवशी वळखलं. कपाळ तेच हाय.”

ऊर्मिलेचा हात कपाळाकडे गेला.

“त्याला खाली कुनी आनलं, इचारलंस कवा?”

कागदावर ‘स्थानिक लोकांच्या मदतीने’ असं लिहिलेलं होतं. तिनं ते वाचलं होतं, सही केली होती. कोण लोक, हे विचारायचं तिला तीन वर्षांत सुचलं नव्हतं.

“मी आन् बचनदास,” गेनबा म्हणाला. “गावातलं दुसरं कुनी मुडद्याला हात लावंना. मांडीभर बर्फ हुतं, चार दिस लागले. पाळीपाळीनं पाठीवर घेतला. मोटा पोरगा हुता. वजन लई हुतं.”

ऊर्मिला मटकन खाली बसली. इतक्या वर्षांत जी रडली नव्हती ती रडली, आणि रडताना तिला त्याची लाजही वाटली नाही.

गेनबानं तिला उठवलं नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही. बसून राहिला.

मग डोळे पुसून ती उभी राहिली. पहिल्यांदाच ती जोत्याजवळ गेली. वाकून दगडाला हात लावला.

“मी आणीन खाली,” ती म्हणाली. “पिंप. मी स्वतः. माझ्या पाठीवर. बस झालं?”

तिला वाटलं होतं, म्हातारा आता विरघळेल. असल्या गोष्टींत गुरू विरघळतो, शिष्याच्या डोक्यावर हात ठेवतो.

गेनबानं विचारलं, “तुजं परतीचं तिकीट कवाचं हाय?”

“रविवारचं.”

“म्हंजे सोमवारपासनं कोन?”

तोंडात मारल्यासारखं झालं तिला.

“एक दिस पिंप उचलशील,” गेनबा म्हणाला, “त्याचा फोटू निघंल, आन् सोमवारी बचनदास हायच. मला तुजी पाठ नको. पाठी लई बगितल्या. तू नकाशे काडतीस न्हवं? मग काड की! ज्यात कुनाचीच पाठ लागनार न्हाई असा काड. न्हाईतर गुंडाळ त्यो कागद आन् जा नागपूरला.”

“आणि नाही निघाला तसा नकाशा तर?”

“तर जोतं हाय तसं ऱ्हाईल.”

“म्हणजे माणसं मरत राहतील.”

“व्हय. आन् दोस माजा ऱ्हाईल. घेतो मी. आदीचा हाय, त्यात आनखी एक.”

हे तो इतक्या सरळपणे म्हणाला, की ऊर्मिलेला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. त्याच्यापुढे हात टेकावेत असंही वाटलं. तिनं दोन्हीतलं काही केलं नाही. कागद गुंडाळला आणि दाणदाण पाय आपटत उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेनबा चुलीवर चहा ठेवत होता. ऊर्मिला येऊन समोर बसली. डोळे लाल, बोटं शिसपेन्सिलीनं काळी. तिनं नकाशा त्याच्या पायांशी टाकला. ठेवला नाही, टाकला.

गेनबानं पाहिलं.

“संडास कुठं गेला?”

“काढला.”

“आन् बारा मानसं?”

“आता आठ. जागा कमी केली. आत डबे ठेवायला फळी आहे. प्रत्येकाचा आपला डबा, घट्ट झाकणाचा, तुमच्याकडे आहे तसाच. वर जाताना रिकामा न्यायचा, येताना भरून आणायचा. स्वतःचा स्वतः. गावाखालच्या उन्हात खड्डा, तिथे आपल्या हातानं ओतायचा, धुवायचा, पालथा घालायचा. तिथे किडा जगतो. येताना तुमचा खड्डा बघितलाय मी.”

गेनबा स्वतः गेली कित्येक वर्षं हेच करत होता. त्याच्याकडे येणाऱ्याच्या हातात तो पाण्याच्या आधी डबा द्यायचा. ऊर्मिलेलाही दिला होता, पहिल्याच दिवशी. तेव्हा तिनं तो दोन बोटांनी धरला होता.

“लोक वरच टाकून येत्याल,” तो म्हणाला. “मला भितात म्हनून आनत्यात. मी मेल्यावर?”

“टाकून येतील. माहीत आहे मला.”

“मग दाराला कुलूप घालशील? डबा दाव, मग आत?”

“नाही!” ऊर्मिला एवढ्यानं ओरडली की चुलीजवळचं मांजर पळालं. “दाराला बाहेरून कडीसुद्धा नाही. वादळात जो येईल तो आत. चोर असो, खुनी असो, डबा असो नसो. त्या दारात कुणालाही काहीही विचारायचं नाही. यावर मी तुमचंही ऐकणार नाही.”

गेनबानं चहा ओतला. पेला तिच्यापुढे सरकवला.

“मग धाक कशाचा?”

ऊर्मिलेनं खाली दरीकडे बोट दाखवलं.

“गरारीचा.”

बिलौंज गाव आणि हा डोंगर यांच्या मध्ये नदी होती. पूल दोन दिवसांच्या चालीवर. जवळचा मार्ग एकच. नदीवर ताणलेला लोखंडी दोर, त्याला लटकणारा लाकडी पाळणा. तीच गरारी. पाळण्यात बसलेल्या माणसाच्या हातात काही नसतं. जाताना पाळणा उतारानं सुटतो, येताना मात्र गावाच्या काठावरून ओढावा लागतो. ओढणारा नसेल तर माणूस अलीकडेच.

“वर अडवायचं नाही,” ऊर्मिला म्हणाली. “तिथे जीव असतो. जाताना डबा द्यायचा, त्यावर नाव लिहायचं. येताना भरलेला डबा दिसला तरच दोर ओढायचा. नाही दिसला, तर परत जाऊन घेऊन यायचा. जखमी असेल, आजारी असेल, तर त्याला आधी ओढायचं, डबा त्याच्या सोबत्यांनी आणायचा. धडधाकट असेल तर बसेल काठावर. तिथे गुहा आहे, मरणार नाही.”

“मोटा साहेब असला तर?”

“बसेल.”

“तुला पैका देनारे?”

“तेही बसतील. संडास काढला म्हणून आधीच बिथरतील ते. बिथरू देत. चार माणसांचा बांधीन मग.”

गेनबाच्या मिशा हलल्या. पण तो हसला असं म्हणता येणार नाही.

“दोर कोनाच्या हाती हाय?”

“गोदांबरीच्या.”

गोदांबरी ही बचनदासाची सून. तिशीची, काटक. सासऱ्याच्या घरावर ढोलाबरोबर हेही काम आलेलं. दिवसभर काठावर बसायचं, हाक आली की दोर ओढायचा. सुगीला घरटी मापभर धान्य. ऊर्मिला डोंगरावर येताना तिनंच पाळणा सोडला होता. गावातले मानकरी पाळण्यातून उतरताना तिच्याकडे पाहतसुद्धा नसत.

“ती अडवंल? सायबाला? पंचाला?”

“अडवेल.”

“कशावरनं?”

“नियम असेल ना.”

“नियम कागदावर हाय तुज्या. मी इचारतो, ती अडवंल का?”

ऊर्मिलेचं इथेच तर सगळं अडत होतं. तिला भिंतीची खात्री होती, छपराची होती. एका बाईच्या मनगटाची खात्री ती कुठल्या कोष्टकातून काढणार? पण मागे हटायलाही ती तयार नव्हती.

“तुम्हाला काय वाटतं, नाही अडवणार?” ती उसळून म्हणाली. “आजवर तिला कुणी सांगितलं तरी का, की तू नाही म्हणू शकतेस? तुम्ही तिच्या सासऱ्याच्या डोक्यावरचं पिंप उतरवलंत, पण त्याच्या हातात काय दिलंत? तेच ढोल, तोच दोर! मी निदान विचारणार तरी आहे तिला.”

असं गेनबाशी आजवर कुणी बोललं नव्हतं. ऊर्मिलेलाही ते बोलून झाल्यावर कळलं. संपलं, तिला वाटलं. तीन वर्षांची मेहनत, ओजस, सगळं या जिभेनं घालवलं.

गेनबानं चहाचा शेवटचा घोट घेतला. चूल विझवली. घोंगडी खांद्यावर टाकली.

“चल,” म्हणाला. “खाली जाऊ.”

तीन तासांची उतरण होती. पुढे गेनबा, मागे ऊर्मिला, तिच्या पाठीवर सामान आणि कुशीला डबा. आता ती तो दोन बोटांनी धरत नव्हती. उतारावर तसं धरून चालतच नाही.

नदीवर पोचल्यावर गेनबा म्हणाला, “तू हो पुडं.”

ऊर्मिला पाळण्यात बसली, पलीकडे उतरली. उतरल्या उतरल्या तिनं गोदांबरीला सगळं सांगायला सुरुवात केली. मोडक्या हिंदीत, हातवारे करत. गोदांबरी आधी ऐकत राहिली, मग तोंडाला पदर लावून हसायलाच लागली.

“मी? मी अडवू? पंचांना?”

“हो.”

“आणि त्यांनी शिव्या दिल्या तर?”

“नदीचा आवाज केवढा आहे! निम्म्या शिव्या वाहूनच जातील.”

गोदांबरी पुन्हा हसली. मग हसायची थांबली. ऊर्मिलेच्या डब्याकडे पाहिलं, स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं.

“आमच्या घरानं आजवर कुणाला नाही म्हटलेलं नाही, ताई.”

“माहीत आहे.”

पलीकडून हाक आली. गोदांबरीनं रिकामा पाळणा सोडला. गेनबा त्यात चढून बसला. ती दोर ओढू लागली. सवयीचे हात, पाळणा झपाझप येऊ लागला. खाली पांढरं पाणी खळाळत होतं.

पाळणा नदीच्या मधोमध आला आणि गोदांबरीचे हात थांबले.

“ताई…”

ऊर्मिलेनं पाहिलं.

गेनबानं दोन्ही हात वर केले होते. पंजे उघडे. हातात काही नव्हतं, पाठीवर नव्हतं, मांडीवर नव्हतं. ज्या माणसाला कुणी कधी डब्याशिवाय नदी ओलांडताना पाहिलं नव्हतं, तो सत्तर वर्षांचा गेनबा रिकाम्या हातांनी दोराला लटकत होता.

“ओढ की गं!” त्यानं तिकडून हाळी दिली.

गोदांबरीनं दोर घट्ट धरला. याच माणसानं तिच्या सासऱ्याला जगवलं होतं. गावात तिच्या दारात बसून चहा पिणारा हा एकटाच. तिनं ऊर्मिलेकडे पाहिलं.

ऊर्मिलेच्या जिभेवर शब्द आला होता, ओढ. एवढा एक शब्द. याच म्हाताऱ्याच्या ‘हो’वर सगळं अवलंबून होतं. त्याला चिडवून काय मिळणार होतं? आजचा दिवस जाऊ दे, नियम उद्यापासून…

तिनं तो शब्द गिळला.

“दोर तुझ्या हातात आहे,” ती म्हणाली.

गोदांबरी क्षणभर उभी राहिली. मग तिनं दोराचे दोन वेढे खांबाला घातले आणि पदर खोचला.

“बाबाजी, डबा कुठाय?”

“इसरलो!”

“मग परत जा!” तिचा आवाज थरथरला.

“सत्तर वर्सांचा हाय गं मी! तीन तासांची चढन हाय!”

“मग हळू जा!”

या वेळी आवाज थरथरला नाही. समोरच्या कड्यावर आपटून तो परत आला, तेव्हा गोदांबरीच दचकली. तिनं वेढे सोडले, आणि पाळणा सावकाश, कुरकुरत, पलीकडच्या काठाकडे जाऊ लागला.

ऊर्मिलेनं खांबाला धरलं.

पाळण्यात गेनबा खदाखदा हसत होता. घोंगडी खांद्यावरून घसरली, तरी त्याला भान नव्हतं. हसता हसता तो वळला. गोदांबरीकडे नाही, ऊर्मिलेकडे. आणि नदीच्या आवाजावरून ओरडला,

“बगत काय ऱ्हायलीस? पाया खनाय घे!”